ट्यूनरस्टुडिओ आणि स्पीडुइनो: बेळगावात ट्यून केलेली जिप्सी गोव्यात का खटखटते?

कार्बुरेटरची गाडी इंजेक्शनवर न्यायची, तीही खिशाला झेपेल अशा खर्चात, तर स्पीडुइनो ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि ट्यूनरस्टुडिओ ही जोडी पहिली डोळ्यासमोर येते. स्पीडुइनो म्हणजे आर्डुइनो मेगा २५६० वर बसणारा ओपन सोर्स बोर्ड. ट्यूनरस्टुडिओ हे त्याचे टेबल (कोणत्या आरपीएमला आणि लोडला किती इंधन, किती टायमिंग याचे तक्ते) बदलायचं, लॉग घ्यायचं सॉफ्टवेअर. ते जावावर चालतं, त्यामुळे विंडोज, लिनक्स, मॅक काहीही चालेल. घरात पडलेला जुना लॅपटॉप पुरतो. फक्त त्याची बॅटरी तासभर टिकणारी हवी. इथे इंजिन धरलंय ते जिप्सी किंगचं कार्बुरेटरवालं १२९८ सीसी.

आधी एक स्पष्ट करू. कंपनीचाच ईसीयू असलेल्या स्विफ्टला किंवा आय-टेनला हे सॉफ्टवेअर जोडता येत नाही. तिथे ओबीडीचं (गाडीच्या तपासणी सॉकेटचं) डोंगल लावून फ्युएल ट्रिम (ईसीयू स्वतः इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) वाचणं एवढंच आपल्या हातात असतं, आणि बऱ्याचदा तेवढं पुरतं. आयडलला ट्रिम अधिक १५ टक्के आणि अडीच हजार आरपीएमला शून्याजवळ असेल तर कुठेतरी हवा गळतेय: मॅनिफोल्डचं गॅस्केट किंवा ब्रेक बूस्टरची नळी बघा. उलट लोड वाढेल तशी ट्रिमही वाढत असेल तर पंप, फिल्टर नाहीतर इंजेक्टर. अशा गाडीला ट्यूनिंग नको, फिटर हवा.

आता जिप्सीकडे. पहिलं काम ट्रिगर व्हीलचं, म्हणजे क्रँक कुठे आहे ते दातांवरून सेन्सरला कळवणाऱ्या चाकाचं. ३६-१ चं व्हील, म्हणजे ३६ दातांच्या जागा आणि एक दात गाळलेला. बेळगावच्या उद्यमबागेत लेझर कटिंगवाल्याला ड्रॉइंग दिलं की पाच एमएमच्या प्लेटमधून कापून मिळतं. पण कापून मिळालं म्हणजे झालं असं नाही. क्रँक पुलीवर बसवल्यावर डायल गेज लावून ते किती डगमगतं ते बघाच. सेन्सर आणि दात यांच्यातलं अंतर साधारण ०.८ ते १ एमएम ठेवायचं, आणि व्हील अर्धा एमएम डगमगत असेल तर वरच्या आरपीएमला सिंक (ईसीयूचा क्रँकशी मेळ) सुटणारच. सॉफ्टवेअरमध्ये ‘सिंक लॉस’चा काउंटर दिसतो, तो एकानेही वाढत असेल तर पुढे जाऊ नका. बिनरेझिस्टरचे प्लग आणि सेन्सरची उघडी वायर ही त्याची आणखी दोन कारणं. शील्डेड वायर घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

आता टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी (ॲडव्हान्स) ठिणगी पडते ते. लोक घाई करतात ती नेमकी इथेच. स्क्रीनवर ॲडव्हान्स १२ अंश दिसतोय म्हणजे इंजिनला १२ मिळतोय, असा गैरसमज करून घेऊ नका. स्क्रीनवरचा आकडा ही ईसीयूची समजूत असते, खरं काय ते पुली सांगते. स्पार्क सेटिंगमध्ये जाऊन टायमिंग ‘फिक्स्ड’ १० अंशांवर लॉक करा, पुलीच्या खुणेवर पांढरा रंग लावा आणि टायमिंग लाइट मारा. खूण १० वर दिसेपर्यंत ‘ट्रिगर अँगल’ बदलत राहा. मग हळूहळू ३००० आरपीएमला न्या. खूण जागेवर राहिली तर ठीक. आरपीएमबरोबर ती सरकत गेली तर दोन वायरींच्या व्हीआर (चुंबकीय) सेन्सरच्या तारा बहुधा उलट्या जोडल्यात. त्या अदलाबदल करून अँगल पुन्हा पहिल्यापासून लावायचा. हे न करता पुढचं टेबल कितीही देखणं भरलं तरी ते शून्य किमतीचं.

कॉइलच्या बाबतीत एक सेटिंग महागात पडतं: स्पार्क आउटपुट ‘गोइंग लो’ की ‘गोइंग हाय’, म्हणजे सिग्नल खाली पडताना ठिणगी द्यायची की वर जाताना. आतच इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारं सर्किट) असलेल्या बहुतेक कॉइलना ‘गोइंग लो’ लागतं. उलटं निवडलं तर चावी चालू असेपर्यंत कॉइल भरलेलीच राहते. चावी चालू, इंजिन बंद ठेवून कॉइलला हात लावून बघा; मिनिटाभरात तापली तर लगेच चावी बंद. ड्वेल (कॉइल भरण्याची वेळ) ३ ते ३.५ मिलिसेकंदांपासून सुरू करा.

इंधनासाठी सॉफ्टवेअर सीसी, सिलिंडर आणि इंजेक्टरचा फ्लो विचारतं आणि ‘रिक्वायर्ड फ्युएल’ (इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा याचा मूळ आकडा) काढून देतं. १२९८ सीसी आणि मिनिटाला २०० सीसीचे चार इंजेक्टर घेतले तर हा आकडा ११ मिलिसेकंदांच्या आसपास यायला हवा. ५ किंवा २० आला तर काहीतरी चुकीचं भरलंय. सोबतचा ‘स्टॉइकिओमेट्रिक’चा (हवा-इंधनाच्या नेमक्या प्रमाणाचा) रकाना लोक १४.७ वर तसाच सोडून देतात. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल) मिळतं, त्याचा आकडा साधारण १३.५. (चिकोडी-अथणीचा ऊस शेवटी आपल्याच टाकीत येतोय म्हणायचं.) गोंधळ टाळायचा तर एएफआर (हवा-इंधन प्रमाण) सोडून लॅम्डा (त्याला नेमक्या प्रमाणाने भागून येणारा आकडा) वापरा: क्रूझला १, फुल थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर हवाच, बॉश एलएसयू ४.९ चा. फक्त १ च्या आसपासच नीट वाचणाऱ्या जुन्या नॅरोबँडवर फुल लोड ट्यून करणं म्हणजे अंधारात सुई शोधणं.

ऑटोट्यून, म्हणजे वाइडबँड बघून इंधनाचं (व्हीई) टेबल आपोआप भरणारं ‘व्हीई ॲनालाइझ लाइव्ह’, फुकट आवृत्तीत नाही. त्यासाठी पैसे भरून नोंदणी करावी लागते. माझं मत: भरा. फुकट आवृत्तीत लॉग बघून १६ बाय १६ चं टेबल हाताने भरता येतं, पण दोन रविवार जातात. ऑटोट्यूनसाठी वंटमुरी घाटाची चढण उत्तम. पहाटे ट्रक कमी असताना तिसऱ्या गिअरला स्थिर लोड मिळतो, टेबलाचे मधले-वरचे खण भरत जातात. लॅपटॉप दुसऱ्याच्या मांडीवर हवा, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. ‘सेल चेंज रेझिस्टन्स’ (खणातला आकडा किती सहज बदलू द्यायचा ते) सुरुवातीला नॉर्मल, नंतर हार्ड. कूलंट ७० अंशांच्या वर गेल्याशिवाय ऑटोट्यून चालू करू नका.

ऑटोट्यूनचा सर्वात मोठा दोष म्हणजे त्याला अक्कल नाही, जे दिसतं त्यावर तो विश्वास ठेवतो. उतारावर पाय उचलला, इंधन कट झालं, वाइडबँडला नुसती हवा दिसली, की तो ‘लीन (इंधन कमी) आहे’ म्हणत त्या खणांत इंधन ओतत सुटतो. ओव्हररनचा (पाय उचलल्यावरचे आकडे गाळणारा) फिल्टर लावा. सायलेन्सरच्या जोडाला गळती असली तरी तेच होतं. आणि ‘बर्न’ (बदल ईसीयूत कायमचे साठवणारं बटण) दाबायला विसरू नका, नाहीतर चावी बंद केली की सगळी मेहनत पाण्यात.

आता बेळगावची खास अडचण. इंजिन सुरू करण्याआधी मॅप (मॅनिफोल्डमधल्या हवेच्या दाबाच्या) गेजवर आकडा बघा: इथे तो ९२-९३ केपीएच्या आसपास येतो, १०० नाही. गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच आहे. टर्बो नसलेलं इंजिन इथे फुल थ्रॉटललाही त्याच्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे टेबलातली १०० केपीएची ओळ ऑटोट्यूनने कधी बघितलेलीच नसते, तिथे सुरुवातीचे अंदाजी आकडे तसेच पडून असतात. वंटमुरीला गाडी लोण्यासारखी पळते. मग जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून कोणी गोव्यात केरीच्या पुढे सपाट रस्त्याला फुल थ्रॉटल देतो, ती १०० ची ओळ लागू होते आणि इंजिन खटखटायला लागतं (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटून ठोके बसतात, तोच नॉक). जिप्सीला नॉक सेन्सर नाही, कान हाच सेन्सर.

उपाय अवघड नाही. निघण्याआधी ९० च्या ओळीतले व्हीईचे आकडे १०० च्या ओळीत दोन-तीन टक्के वाढवून टाका, आणि त्याच ओळीचं टायमिंग ९० पेक्षा दीड-दोन अंश कमी ठेवा. बॅरोमेट्रिक दुरुस्ती चालू असेल आणि वेगळा बॅरो सेन्सर नसेल, तर ईसीयू हवेचा दाब चावी फिरवतानाच मोजतो. बेळगावात चावी फिरवून न थांबता गोव्यात सांखळीला पोचलात तर ईसीयूच्या लेखी गाडी अजून टिळकवाडीतच आहे. खाली उतरल्यावर चहाला थांबा, चावी बंद करून पुन्हा फिरवा, गेजवर १०० च्या आसपास दिसलं की लॉग चालू करा.