‘शटर आयलंड’: न वळलेला माणूस

नागपूरच्या मे महिन्यात रात्रीसुद्धा कूलर बंद ठेवणे सोपे नाही. तरीही मार्टिन स्कोर्सेसी यांच्या ‘शटर आयलंड’ (२०१०) या चित्रपटाची शेवटची काही मिनिटे मी कूलर बंद करून पाहिली, कारण त्यातले एक वाक्य मला नीट ऐकायचे होते. ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी तो आधी पाहावा, कारण शेवट सांगितल्यावाचून त्याविषयी लिहिता येत नाही.

काळ १९५४चा. बॉस्टनजवळच्या एका बेटावरील मनोरुग्णालयातून एक स्त्री नाहीशी होते आणि तिच्या तपासासाठी टेडी (लिओनार्डो डिकॅप्रिओ) हा मार्शल (केंद्रीय पोलिस अधिकारी) चक नावाच्या नव्या सहकाऱ्याबरोबर तेथे येतो. प्रत्यक्षात टेडी हा तेथलाच रुग्ण अँड्र्यू असतो आणि चक हा त्याचा डॉक्टर. पत्नीने तिन्ही मुलांना तळ्यात बुडवले, त्याने पत्नीला गोळी घातली आणि ते सत्य सोसवेना म्हणून त्याने टेडी रचला.

ही कलाटणी प्रेक्षकाला फसवत नाही, हे दुसऱ्यांदा पाहताना पटते. शस्त्रे जमा करताना चकला कमरेचे पिस्तूल धड सोडवता येत नाही. एक रुग्ण स्त्री पाणी पिते तेव्हा क्षणभर तिच्या हातात पेलाच दिसत नाही. ज्याची मुले पाण्यात गेली, त्याची नजर पाणी कसे गाळून टाकते, हे इतक्या कमी अवकाशात दाखवणारे दृश्य मी दुसरे पाहिलेले नाही.

दीपगृहातील उलगडा मात्र फार बोलका झाला आहे. नावांतील अक्षरांची उलटापालट फळ्यावर मांडून दाखवण्याची गरज नव्हती.

आपल्याकडे कोराडी मार्गावरील प्रादेशिक मनोरुग्णालयाला आजही कित्येक जण सहज ‘पागलखाना’ म्हणून जातात. चित्रपट सुरुवातीला नेमक्या याच भीतीला हात घालतो. पुढे मात्र असे दिसते की रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर कॉली (बेन किंग्जली) हे सारे तपासाचे नाटक रुग्णाला लोबोटोमी या मेंदूच्या शस्त्रक्रियेपासून वाचवण्यासाठीच उभे करत होते. या शस्त्रक्रियेच्या प्रवर्तकाला १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या धडपडीचे मोल कळते.

शेवटी पायऱ्यांवर बसलेला अँड्र्यू पुन्हा टेडीसारखे बोलू लागतो. डॉक्टर निराश होतात. मग तो विचारतो, राक्षस म्हणून जगणे अधिक वाईट की भला माणूस म्हणून मरणे? डेनिस लेहेन यांच्या मूळ कादंबरीत हे वाक्य नाही. आजार उलटला की त्याने शुद्धीत राहून शस्त्रक्रिया पत्करली, याबद्दल मतभेद आहेत. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, आणि त्याला कारण त्या वाक्याइतकेच त्यानंतरचा क्षण आहे. चक म्हणून वावरलेला डॉक्टर मागून ‘टेडी’ अशी हाक मारतो, आणि अँड्र्यू वळून पाहत नाही.