छात्राध्यापकांचा ई-पोर्टफोलिओ : मोफत संकेतस्थळ की महारा?

बी.एड. दोन वर्षांचे झाल्यापासून आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावाच्या, २० आठवड्यांना अभ्यासक्रमात मोठे स्थान मिळाले आहे, आणि त्या काळातील पाठ टाचणे, निरीक्षण नोंदी, शैक्षणिक साहित्याची छायाचित्रे व चित्रित केलेले पाठ कागदी फाइलमध्ये मावत नाहीत. त्यामुळे हे सारे काम ऑनलाइन मांडणारा ई-पोर्टफोलिओ कशावर उभारावा, एवढेच ठरवायचे उरते. आमच्या विभागाने दोन मार्ग वापरून पाहिले : महाविद्यालयाच्या ई-मेल खात्याबरोबर मिळणारी, संकेतस्थळ तयार करण्याची मोफत सुविधा आणि न्यूझीलंडमध्ये २००६ साली सुरू झालेली महारा ही मुक्तस्रोत प्रणाली.

सोपेपणात पहिला मार्ग सरस आहे, हे मान्यच करावे लागते. छात्राध्यापक बसल्या बैठकीत देखणे पान उभे करतात आणि ते मोबाइलवरही नीटनेटके दिसते. महाराची पाने त्यामानाने रुक्ष वाटतात, पान आणि संग्रह (अनेक पानांचा गट) यांतला फरक मुलांच्या लवकर लक्षात येत नाही, शिवाय ही प्रणाली बसवून अद्ययावत ठेवणारा माणूस लागतो.

माझा कल बदलला तो परवानग्यांच्या कटकटीमुळे. पहिल्या मार्गात पान एका जागी असते आणि चित्रफीत दुसऱ्या जागी. पान सर्वांना खुले केले तरी चित्रफितीची परवानगी निराळी द्यावी लागते. बहिःस्थ परीक्षक पाठ पाहायला जातात, तर समोर करडी चौकट आणि तिच्यात ‘परवानगी मागा’ असे बटण. ती विनंती ज्या छात्राध्यापिकेकडे जाते, ती त्या वेळी मोबाइल बंद करून व्हरांड्यात तोंडी परीक्षेची वाट पाहत बसलेली असते. कितीही सूचना दिल्या तरी दर परीक्षेला कोणाची ना कोणाची चित्रफीत अशी अडकायचीच.

महारामध्ये पान ज्याला दाखवले, त्याला त्यावरील फाइलही दिसते. शिवाय प्रत्येक पानाचा वाचक वेगळा ठरवता येतो, तोही ठरावीक तारखांपुरता, आणि शिकण्याच्या दृष्टीने मला हाच मोठा लाभ वाटतो. नोकरीच्या मुलाखतीत दाखवायचे पान आणि ‘सातवीचा वर्ग आज हाताबाहेर गेला, कारण अपूर्णांक शिकवताना मी फळ्याकडेच तोंड करून उभी होते’ अशी नोंद असलेली दैनंदिनी एकाच वाचकासाठी नसते. दैनंदिनी फक्त मार्गदर्शकच वाचणार, याची खात्री असली की नोंदी खऱ्या उतरतात; एरवी ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ हे वाक्य आम्हा तपासनिसांना तोंडपाठ झालेले आहे. मूल्यमापनासाठी सादर केलेले पान तपासून परत मिळेपर्यंत बदलता येत नाही, त्यामुळे मागाहून केली जाणारी रंगसफेदीही टळते.

पदवीनंतर महाविद्यालयीन खाते सहसा दोन्हीकडे बंद होते. महारातील सारे काम मात्र कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एचटीएमएल स्वरूपात उतरवून घेता येते आणि लीप२ए या पोर्टफोलिओ हलवण्यासाठीच्या स्वरूपात दुसऱ्या संस्थेच्या महारात नेता येते.

सर्व्हर सांभाळणारे कोणीच नसेल, तर पहिला मार्ग पत्करावा. पण मग पोर्टफोलिओ छात्राध्यापकाच्या वैयक्तिक खात्यावर करावा आणि परीक्षेपूर्वी प्रत्येक चित्रफीत दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहावी. महाविद्यालयात मूडल ही ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली आधीपासून चालत असेल, तर महारा तिच्याशी जोडता येते, आणि अशा ठिकाणी मी तरी महाराखेरीज दुसरा पर्याय सुचवणार नाही.