तुर्भ्याचं आयकिया: काय घ्यावं, काय सुताराकडूनच करून घ्यावं

नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या आयकियात, म्हणजे या स्वीडिश फर्निचर कंपनीच्या दुकानात, नवखा माणूस हमखास एका गोष्टीने बुचकळ्यात पडतो. वर मांडून ठेवलेलं कपाट आवडलं, तर चिठ्ठीवरचा रांगेचा आणि खणाचा नंबर टिपायचा, खाली गोदामात जाऊन खोकं स्वतः ढकलगाडीवर चढवायचं आणि घरी जाऊन स्वतःच जोडायचं. हे असं का, ते कळलं की काय घ्यावं हेही कळतं. पण त्यासाठी आधी स्वीडन बघायला हवं.

स्वीडनची लोकसंख्या आजही एक कोटीच्या थोडीच वर, म्हणजे मुंबई महानगरापेक्षा कमी. यंत्रावर एकसारख्या लाखो फळ्या कापल्या तरच फळी स्वस्त पडते, आणि तेवढं गिऱ्हाईक त्या देशात नाही. म्हणून 1958 मध्ये एल्महुल्टला पहिलं दुकान काढणारी ही कंपनी 1963 मध्येच नॉर्वेत गेली. मग 1969 ला डेन्मार्क, 1973 ला स्वित्झर्लंड, 1974 ला पश्चिम जर्मनी. त्याआधीच स्वीडनमधल्या फर्निचर व्यापाऱ्यांनी पुरवठादारांवर दबाव आणून या कंपनीला माल मिळणं बंद पाडलं होतं. तेव्हा 1961 पासून पोलंडमध्ये माल बनवून घेणं सुरू झालं. पुण्याजवळच्या दापोडीत सँडविक आणि अल्फा लाव्हल, चिंचवडला एसकेएफ या स्वीडिश कंपन्या आल्या, त्यामागेही छोट्या घरच्या बाजाराचं हेच गणित आहे.

मग नुसती निर्यात का नाही? कपाटाची नक्कल कुणीही करेल. सुट्या भागांचं चपटं खोकं, गोदाम, मांडणी आणि किंमत यांची साखळी हीच यांची खरी मिळकत आहे, आणि मधल्या दुकानदाराच्या हाती दिली की ती तुटते. काही देशांत फ्रँचायझी दिली आहे, पण तिथेही साचा हाच. भारतात परदेशी कंपनीला स्वतःच्या ब्रँडच्या दुकानाच्या 100 टक्के मालकीची मुभा 2012 मध्ये मिळाली, 2013 मध्ये 10,500 कोटींच्या गुंतवणुकीला मंजुरी आली, हैदराबादचं दुकान ऑगस्ट 2018 मध्ये उघडलं आणि तुर्भ्याचं डिसेंबर 2020 मध्ये. सोबत अट होती की 30 टक्के खरेदी भारतातून हवी. कापड आणि गालिचे तर ही कंपनी इथून कित्येक दशकं नेतेच आहे. त्यामुळे चादरी, पडदे, सतरंज्या डोळे झाकून घ्याव्यात. फर्निचरचं तसं नाही: 2020 च्या अर्थसंकल्पात त्याच्या आयातीवरचं सीमाशुल्क 20 वरून 25 टक्के झालं, आणि तो भार किमतीत दिसतो.

तरीही बिली हे पुस्तकांचं कपाट घेण्यासारखं आहे. 1979 पासूनची रचना. 80 सेंमी रुंद, 28 खोल, 202 उंच. खोकं दोन मीटरच्या वर लांब असल्याने रिक्षात बसत नाही, डिलिव्हरीच घ्यावी. जोडणी जमिनीवर आडवं ठेवून करायची. सगळे मिनिफिक्स (फळ्या जोडणारे फिरकीचे खटके) हलके फिरवून घ्यायचे आणि शेवटी आवळायचे. एकेक बाजू पुरती आवळत गेलं की पुढची भोकं जुळत नाहीत. पाठ पक्की करण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे, 217 सेंमीच्या आसपास यायला हवेत. कपाट नंतर डुलतं ते बहुतेक वेळा इथे घाई केल्यामुळे, कारण सगळा काटकोन ती पातळ पाठच धरून ठेवते. उभं करताना 204 सेंमी उंची लागते. लॉफ्ट सात फुटांवर असेल तर जेमतेम 9 सेंमी उरतात.

भिंतीला अडकवणं टाळू नका, लहान मुलं असतील तर मुळीच नाही. पट्टी मिळते, पण भिंतीचे स्क्रू आणि गिट्ट्या आपल्याच आणाव्या लागतात. विटेच्या भिंतीला साधी गिट्टी चालते. सायपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ठोकळ्यांच्या, भिंतीत ती निसटते, त्यासाठी वेगळी मिळते. (सायपोरेक्सही मूळचं स्वीडनचंच!) एका फळीची मर्यादा 30 किलो. जाड शब्दकोश दाटीवाटीने भरले तर फळी वाकेल.

खरा शत्रू पाणी. कपाटाला पाय नाहीत, बाजूच्या फळ्या थेट फरशीवर टेकतात. रोज ओल्या फडक्याने लादी पुसली जाते तिथे पार्टिकल बोर्डची खालची कड फुगते, आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. जोडण्याआधीच खालच्या कडांना पारदर्शक सिलिकॉनचा पातळ थर द्यावा.

ओट्याखालच्या ट्रॉल्या मात्र सुताराकडूनच करून घ्याव्यात. आयकियाची मापं 40, 60, 80 अशी ठरलेली. सगळ्या जगासाठी एकच साचा असल्याशिवाय तो भाव निघतच नाही. आपला ओटा ग्रॅनाइटचा, मध्ये सिलिंडरची जागा, एका कोपऱ्यात पाइप, आणि सिंकखाली कायम ओल. तिथे आयएस 710 या भारतीय मानकाचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय आणि जागेवर येऊन माप घेणारा माणूसच हवा.