जुन्या संगणकावर कोणता ब्राउझर? फायरफॉक्स, क्रोम आणि 'हलके' पर्याय

संगणक जुना झाला की बहुतेक जण विचारतात, सगळ्यात हलका ब्राउझर कोणता? मी आधी दुसरंच विचारतो : तुमच्या मशीनवर कोणत्या ब्राउझरला अजून सुरक्षेचे अपडेट मिळतात? कारण निम्मी निवड ऑपरेटिंग सिस्टिमने आधीच करून टाकलेली असते.

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. ती जानेवारी २०२३ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टचा एजही तिथेच १०९ वर थांबला. फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती मात्र या जुन्या विंडोजसाठी नंतरही चालू राहिली. ती बंद करण्याची तारीख फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने एकदा नव्हे, अनेकदा पुढे ढकलली. तरी ही मुदतवाढच आहे, कायमची सोय नाही. म्हणून सध्याची मुदत मोझिलाच्या संकेतस्थळावर एकदा तपासून घ्या. जुन्या मॅकचीही हीच गोष्ट. मॅकओएस १०.१३ आणि १०.१४ वर क्रोम ११६ ला थांबला, फायरफॉक्स ११५ मात्र १०.१२ पासून चालतो. थोडक्यात, विंडोज ७ सोडायचंच नसेल तर तुलना करायला फारसं काही उरत नाही, फायरफॉक्स ११५ घ्यावा. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण मोठे ब्राउझर त्यानंतरही त्यावर चालत राहिले. खरी निवड करायची असते ती तिथे आणि लिनक्सवर.

आता फायरफॉक्स आणि क्रोम शेजारी शेजारी ठेवून पाहू. क्रोम रॅम खातो, फायरफॉक्स कमी खातो, ही समजूत जुन्या काळातली आहे. एका साइटची माहिती दुसऱ्या साइटला चोरता येऊ नये म्हणून क्रोमने २०१८ मध्ये प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र कप्प्यात, चालवायला सुरुवात केली, आणि २०२१ च्या अखेरीस फायरफॉक्सनेही तेच केलं. त्या सुरक्षेची किंमत दोघेही रॅममध्येच मोजतात. ४ जीबी रॅमवर दोन्ही ब्राउझर पाच-सहा टॅबपर्यंत बरे चालतात आणि त्यापुढे दोन्ही धापा टाकतात.

फरक पडतो तो जाहिराती अडवण्यात. माझ्या मते जुन्या संगणकासाठी याहून महत्त्वाचा मुद्दा नाही. एखादं बातम्यांचं पान उघडलं की बातमीपेक्षा जाहिरातींच्या आणि पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टच जास्त उतरतात, आणि त्या चालवताना प्रोसेसरचा जीव जातो. यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, या स्क्रिप्ट उतरूच देत नाही. फायरफॉक्सवर ते अजून पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलल्यावर तिथे त्याची फक्त लाइट आवृत्ती उरली. तीही उपयोगी आहे, पण पूर्ण यूब्लॉकइतकी नाही. मी जुन्या मशीनवर आधी फायरफॉक्स टाकतो तो याच एका कारणासाठी.

क्रोमचं पारडंही काही ठिकाणी जड आहे. बऱ्याच साइट क्रोमवरच तपासून बाहेर काढलेल्या असतात, त्यामुळे व्हिडिओ कॉल आणि कार्यालयीन पोर्टल तिथे कमी कुरकुर करतात. न वापरलेले टॅब निजवणारी मेमरी सेव्हरची सोयही चांगली आहे. विंडोज १० वर एज आधीपासूनच असतो. त्याचं इंजिन क्रोमचंच आणि टॅब निजवण्याची सोय त्यातही आहे. म्हणून कामापुरता क्रोम वेगळा उतरवण्यापेक्षा मी एजच वापरायला सांगेन. फायरफॉक्समध्ये टॅबवर उजवी क्लिक करून तो हाताने मेमरीतून काढून ठेवण्याची सोय १४० व्या आवृत्तीपासून आली, ११५ वाल्यांना ती मिळत नाही.

'हलके' म्हणून सांगितले जाणारे ब्राउझर याहून वेगळे आहेत. पेल मून खरोखरच कमी रॅममध्ये चालतो, पण तो हलकेपणा कुठून येतो ते पाहायला हवं. तो सगळे टॅब एकाच प्रोसेसमध्ये चालवतो, म्हणजे दोन साइटमधली वर सांगितलेली सुरक्षेची भिंत त्यात नाही. वर त्याचं इंजिन वेगळं असल्याने काही आधुनिक साइट अर्धवट उघडतात आणि कॉपी-संरक्षण असलेले चित्रपट लागत नाहीत. वाचनापुरता तो छान आहे. बँकेच्या कामासाठी मी तो सुचवणार नाही. सुपरमियम हा क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या खुल्या पायावर, बेतलेला ब्राउझर थेट विंडोज एक्सपीवरही चालतो. मेहनत कौतुकास्पद आहे, पण ती मोजक्या लोकांच्या खांद्यावर आहे, आणि खालची एक्सपी असुरक्षित ती असुरक्षितच.

३२-बिट मशीनवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की लिनक्सवर क्रोमने अशा मशीनची साथ २०१६ मध्येच सोडली आणि फायरफॉक्सने १४५ व्या आवृत्तीपासून.

ब्राउझर बदलण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहा. विंडोजवर क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींमध्ये शिफ्ट धरून एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. बहुतेकदा एखादा टॅब किंवा विसरलेलं एक्स्टेंशनच चोर निघतं.

प्रत्येक साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणू लागली तर आधी घड्याळ पाहा. मदरबोर्डवरचा बटण सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि साइटची ओळख पटवणारी सगळी प्रमाणपत्रं अवैध ठरतात. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर दोन वेळा ब्राउझर काढून पुन्हा टाकल्यावर मला हे उमगलं. दोष सीआर२०३२ सेलचा होता. तारीख बरोबर असूनही ठरावीक साइटच अडत असतील तर सिस्टिममधली विश्वासाच्या मूळ प्रमाणपत्रांची यादी जुनी झालेली असू शकते. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं तेव्हा अनेक जुनी यंत्रं अशीच अडली होती. फायरफॉक्स स्वतःची यादी सोबत बाळगतो, म्हणून तो तिथे तगतो. पण फायरफॉक्सचीच एक्स्टेंशन अचानक बंद पडली असतील तर आवृत्ती पाहा. १२८ च्या आधीच्या, आणि दीर्घ मुदतीच्या ११५ मध्ये ११५.१३ च्या आधीच्या आवृत्त्यांमधलं त्याचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ ला संपलं. अपडेट केलं की प्रश्न मिटतो.

यूट्यूब अडखळत असेल तर कारण वेगळं. जुनी ग्राफिक चिप फक्त एच.२६४ या जुन्या स्वरूपातला व्हिडिओ उलगडू शकते आणि यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या स्वरूपात पाठवतं, मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एच२६४इफाय हे छोटं एक्स्टेंशन यूट्यूबला जुन्याच स्वरूपात व्हिडिओ पाठवायला लावतं. १०८०पीच्या वर जाता येत नाही, पण जुन्या पडद्यावर ते जाणवत नाही. उलट पानं काळी पडत असतील किंवा लुकलुकत असतील तर सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सेलरेशन (ग्राफिक चिपकडे काम सोपवणं) बंद करून पाहा, कारण जुने ड्रायव्हर तिथे हमखास घोटाळा करतात.

आणि टॅब बदलताना हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहत असेल तर रॅम भरून डिस्कवर ओझं टाकलं जातंय. तिथे कुठलाच ब्राउझर कामाला येत नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा, आणि जागा असेल तर रॅमची आणखी एक पट्टी.