केलेआउट : फुकटचं टूल, पण ॲरेचं काम लई भारी

कोल्हापुरात घरी बसून चिपचं लेआउट, म्हणजे चिपवरच्या थरांचा नकाशा काढायला शिकायचं म्हटल्यावर महागडं लायसन परवडतंय कुणाला, म्हणून केलेआउट (KLayout) हे लेआउट काढायचं सॉफ्टवेअर टाकलं. ओपन सोर्स आहे, जुन्या लॅपटॉपवर पण पळतंय.

पहिल्यांदा मी येडपटासारखं 64 बाय 64 कॉन्टॅक्ट (चिपचे थर जोडणारे बारके चौकोन) कॉपी-पेस्ट करत बसलो, म्हणजे 4096 चौकोन, आणि मग कळलं साइज चुकलीय! रंकाळ्यावर एक चक्कर मारून आलो तेव्हा डोकं थंड झालं.

खरी पद्धत अशी, की आधी एकच कॉन्टॅक्ट काढायचा, सिलेक्ट करून मेक सेल करायचं (सेल म्हणजे परत परत वापरता येणारा तुकडा), मग त्याच्या इन्स्टन्सवर, म्हणजे ठेवलेल्या प्रतीवर, क्यू दाबून प्रॉपर्टीजमध्ये ॲरे (ओळी-रकान्यांची जाळी) चालू करून रो, कॉलम आणि पिच भरायचा. आता मूळ सेलमध्ये साइज बदलली की सगळीकडं आपोआप बदलतीय, नाद खुळा! जीडीएस (लेआउट साठवायचा फॉरमॅट) फाइलमध्ये पण हा ॲरे एकाच नोंदीत बसतोय, त्यामुळं फाइल फुगत नाही.

पिचमध्ये गॅप नाही, सेंटर ते सेंटर अंतर टाकायचं, मी इथं पण गंडलेलो. आणि फ्लॅटन (सेल मोडून टाकणारी कमांड) उगाच दाबू नका भावांनो, परत सगळे सुटे चौकोन.

मेनू जरा किचकट आहेत. एडिटर मोडमध्ये उघडा, नायतर नुसतं बघत बसाल. 5 पैकी साडेचार.