किचन ट्रॉल्या, ९ महिन्यांनंतर: बास्केट बघून घेतल्या, चॅनल बघायचं राहिलं

काल रात्री साडेनऊला आमची तिसरी ट्रॉली परत बसली. १९ दिवस ती निम्मी उघडायची आणि तिथेच अडायची. घ्यायच्या आधी मी या विषयावर बरंच वाचलं होतं, पण सगळे रंग, हँडल आणि फोटोंबद्दल बोलतात, चॅनलबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

ट्रॉलीची जाळी, म्हणजे बास्केट, ३०४ नंबरच्या चांगल्या स्टेनलेस स्टीलची असली तरी ती ज्याच्यावर सरकते ते टेलिस्कोपिक चॅनल बहुतेक वेळा साध्या लोखंडाचं असतं, वर फक्त झिंकचा मुलामा. दुकानदाराने आम्हाला लोहचुंबक लावून दाखवलं, बघा ताई चिकटत नाही म्हणजे ३०४. पण २०२ नंबरच्या हलक्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, ते निकेल कमी आणि मँगनीज जास्त घालून बनवतात आणि गंज लवकर धरतं. म्हणजे त्या चुंबकाने काहीच सिद्ध होत नाही, आणि चॅनलला तर त्याने चुंबक लावलंच नाही. तुम्ही लावा, तिथे चिकटेल. वॉरंटीतही हाच फरक, जाळीला लाइफटाइम आणि चॅनलला १ वर्ष, आणि तेही 'पाण्याने खराब झाल्यास नाही' असं बारीक अक्षरात.

आता घरचं सांगते. डोंबिवलीत वन बीएचके, माणसं चार, ओटा एल आकाराचा. गुढीपाडव्याला सहा ट्रॉल्या बसवल्या, ६४ हजार गेले, आमच्यासाठी ही मोठी रक्कम आहे. त्याआधी ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे होते आणि त्यात स्टीलच्या डब्यांच्या दोन रांगा, सगळे डबे सारखे, मागच्या रांगेत काय आहे ते फक्त मला ठाऊक. लोकल मुंब्र्याला असायची आणि फोन वाजायचा, गूळ कुठेय. ऑफिसात मीटिंगमध्ये, साबुदाणा संपलाय का. २०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांचे ९७, असं आलंय. पण लोकलमध्ये लटकत गुळाचा डबा आठवायचा हे कुठल्या मिनिटात धरणार? मला दमवत होतं ते हेच, भांडी आणि पोळ्या नाही. अख्ख्या घराचं सामान डोक्यात घेऊन फिरायचं.

ट्रॉल्या आल्या की हे थांबेल असं वाटलं होतं, पण पहिले दोन महिने काहीच थांबलं नाही. मी सगळं माझ्या हिशोबाने सुंदर लावलं होतं, एका उंचीचे डबे एकत्र, आणि फोन तेवढेच. तेव्हा जर हे लिहिलं असतं तर पैसे पाण्यात गेले असंच लिहिलं असतं.

मग जूनमध्ये मी चार दिवस माहेरी गेले आणि सासूबाईंनी दुसरी ट्रॉली उपसून त्यांच्या पद्धतीने लावली. पोहे, रवा, दाणे, कूट, साबुदाणा, म्हणजे सकाळी नाश्त्याला जे लागतं ते सगळं एकत्र, डबे लहानमोठे कसेही. परत आल्यावर मला राग आला, दोन दिवस धड बोलले नाही त्यांच्याशी. आणि मग लक्षात आलं की त्या ट्रॉलीतल्या एकाही वस्तूसाठी मला फोन आलेला नाही. नवरा सुद्धा हात घालून बरोबर कूट काढत होता. मी त्यांना म्हटलं, आई, बाकीच्याही तुम्ही सांगाल तशा लावू. एका रविवारी चौघं खाली बसलो, पहिलीत फोडणीचं सामान, तिसरीत कणीक, तांदूळ, डाळी. ट्रॉली वरून दिसते म्हणून नावं झाकणावर लिहिली, जाड मार्करने, कारण आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि बारीक अक्षर त्यांना त्रास देतं. लेकाने ठरवलं की जो डबा संपेल तो ज्याच्या हातून संपला त्याने ओट्यावर उपडा ठेवायचा. या एका गोष्टीने माझं सगळ्यात मोठं ओझं गेलं, काय संपत आलंय यावर सतत डोळा ठेवायचं. उपडा डबा दिसला की कुणीही वाण्याला फोन करतं.

अमेरिकेत ॲलिसन डॅमिंजर नावाच्या संशोधक आहेत, त्यांनी २०१९ मध्ये घरातल्या या डोक्याच्या कामाचे चार भाग मांडले, काय लागेल याचा अंदाज, पर्याय शोधणं, ठरवणं आणि मग नीट झालं का बघत राहणं. त्यांना दिसलं की पहिला आणि शेवटचा भाग जास्त करून बायकांकडेच राहतो. मला हे वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे मोकळे झाले ते नेमके हेच दोन भाग.

आणि मग दिवाळीनंतर तिसरी अडकली. सामान पिशव्यांत भरून दिवाणाखाली ठेवलं, आणि लगेच पुन्हा 'आई, हे कुठेय', 'अगं, ते कुठेय'. एका रविवारी मी मोजले, दुपारपर्यंत ११ प्रश्न. रात्री झोपेतून उठून तूरडाळीची पिशवी कुठली ते आठवत बसले. एक ट्रॉली बंद, तर एवढं.

सर्व्हिसवाले पहिल्यांदा फोनवरच म्हणाले ओव्हरलोड झालंय मॅडम. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक डबा तोलला, २३ किलो ४००, आणि ऑर्डरच्या कागदावर चॅनल ४५ किलोचं लिहिलंय, त्याचा फोटो पाठवला. मग तारखा, उद्या येतो परवा येतो. शेवटी माणूस आला, त्याने ट्रॉली काढून दाखवलं की मागच्या बाजूला चॅनल गंजून बेअरिंगचे छर्रे बाहेर आलेत. सिंकच्या पाइपाच्या जॉइंटमधून थेंब थेंब पाणी तिथे जात होतं, बहुतेक पावसाळ्यापासून. ही चूक आमची, ते मी मान्य केलं. नवीन जोडीचे ८५० दिले. पण तुम्ही न बघता मला ओव्हरलोड म्हणालात त्याचे व्हिजिट चार्ज ५०० देणार नाही म्हटलं, आणि दिले नाहीत.

तर घेणार असाल तर सिंकशेजारच्या ट्रॉलीला स्टीलचं चॅनल मिळतं का विचारा, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. महिन्यातून एकदा ट्रॉली पूर्ण बाहेर ओढून मागे हात फिरवून बघा. आणि सामान लावताना घरातल्या सगळ्यांना बसवा, एकटीने लावू नका, मी दोन महिने त्यात घालवले.

आज संध्याकाळी घरी पोचले तर खिचडी लावून तयार होती आणि मूगडाळीचा डबा ओट्यावर उपडा. दिवसभरात एकही फोन नव्हता. जॉइंटसाठी प्लंबर रविवारी येतोय, तेव्हा चौथ्या ट्रॉलीचं चॅनलही बघून घेणार आहे, ती सिंकच्या दुसऱ्या बाजूला आहे.