गहू चालत नाही? सुशी काउंटर की भाकरीची खानावळ

गहू टाळणाऱ्याला कोल्हापुरात बाहेर जेवायचं तर दोन वाटा: परवडणारा छोटा सुशी काउंटर (समोरच जपानी सुशी बनवून देतात ती जागा), नाहीतर आपली तांबडा-पांढऱ्याची खानावळ.

सुशी म्हणजे भात, मासा, नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला पापुद्रा). यात गहू कुठला, असं वाटतं. पण ती ज्यात बुडवून खातात त्या नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. त्याऐवजी तामारी (बहुधा गव्हाविना बनणारा सोया सॉस) मागावा, तोही बाटलीवरचं लेबल वाचून. क्रॅब स्टिकमध्ये (माशाच्या लगद्याची नकली खेकडा-कांडी) बऱ्याचदा गव्हाचा स्टार्च असतो, टेम्पुराचं, म्हणजे जपानी भज्यांचं, पीठही गव्हाचंच. काउंटरचा फायदा एकच, पण मोठा: सगळं डोळ्यांसमोर चालतं. सुरी आणि कापायचा पाट धुऊन घ्या, रोल वळायची चटई बदला म्हणावं आणि बघत बसावं. काकडीचा साधा रोल खिशालाही झेपतो.

खानावळीत जोंधळ्याची भाकरी, मटण आणि रस्से. दाटपणा खोबरं-तिळाचा, मैद्याची गरजच नाही. पोटही भरतं, जे सुशीबद्दल मी म्हणणार नाही. मात्र भटारखाना आत. चपाती त्याच तव्यावर, ज्वारी गहू दळणाऱ्याच गिरणीतली, आणि बाजारच्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं.

सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार) असेल तर मी काउंटर निवडेन. नुसता गहू कमी करायचा असेल तर भाकरीच, आणि पांढरा रस्सा पुन्हा मागून.